लाईट उनी का?

“लाईट उनी का?”

मायचा आवाज आला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. लाईट गेलेलीच नव्हती, तर येणार कुठून? पण मधल्या खोलीच्या भिंतीवर निळसर उजेड पडला होता आणि टेबलाखालून पंख्याची बारीक घरघर ऐकू येत होती. दहा वाजता मी झोपवून ठेवलेला कम्प्युटर आपला आपण उठला होता. मी त्याला पुन्हा झोपवलं आणि मायला सांगितलं, “काही नही माय, कम्प्युटर शे.” ती कोपरावर रेलून उठून बसली होती. “ते काबरं उठनं?” तिनं विचारलं.

मला सांगता आलं नाही. पुढचा दीड महिना मी त्या एका प्रश्नामागे होतो.

मी शिरपुरात हायस्कुलाला विज्ञान शिकवत होतो. निवृत्तीनंतर मायच्या तोंडचे अहिराणी शब्द लिहून ठेवायचं काम अंगावर घेतलं. माय ब्याऐंशी वर्षांची आहे. ‘आठव’ म्हटलं की तिला शब्द आठवत नाहीत. लसूण सोलताना, नातसुनेला हाक मारताना, रात्री पाणी प्यायला उठल्यावर एखादा शब्द सहज तोंडातून निघतो, आणि त्याच घडीला टिपला नाही तर जातो. म्हणून मी कम्प्युटर बंद करत नाही, झोपवतो. एक बटण दाबलं की दोन सेकंदांत यादी समोर असते, जिथं सोडली होती तिथंच. “कशाला एवढं डोकं लावता, रात्री सरळ बंद करत जा,” असं मला घरात आणि दुकानात सगळ्यांनी सांगितलं. सल्ला बरोबर होता. पण त्यानं मायच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नव्हतं, आणि तो प्रश्न तिनं का विचारला हे मला चांगलं ठाऊक होतं.

माझ्या लहानपणी आम्ही मळ्यात राहायचो. अरुणावतीच्या काठापासून जरा आत आमचं वावर. घरातली लाईट विहिरीच्याच तारेवरून घेतलेली. मोटारीला लागते ती थ्री फेज पाळीनं यायची, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की कधी बारा, कधी दोन, कधी तीन. ठरलेली वेळ असायची, पण ती पाळली जाईल याचा भरवसा नसायचा. म्हणून ओसरीवरच्या बल्बचं बटण माय झोपताना दाबून ठेवायची. लाईट आली की बल्ब लागायचा. माझे वडील, आबा, दिवसभर राबून आलेले, त्यांना बल्बनं जाग येत नसे. मायला यायची. ती बल्बकडे तोंड करून झोपायची. उजेड पापणीवर पडला की उठायची आणि हाक मारायची, “आहो, ऊठा, लाईट उनी.” मग आबा कानाला मफलर बांधून, एका हातात बॅटरी आणि एका हातात काठी घेऊन निघायचे. गव्हाला, केळीला पाणी भरायचं. थंडी, चिखल, बांधावरचे साप, हे सगळं त्या एका हाकेच्या पुढं होतं. हाक मारून माय पुन्हा आडवी व्हायची, पण झोपायची नाही. विहिरीवरून मोटारीचा आवाज आला की आबा तिथं पोचले असं समजायचं. आवाज यायला उशीर झाला की ती ओसरीवर येऊन उभी राहायची.

तीस वर्षांहून जास्त ती अशी झोपली. आबा गेले, आम्ही गावात राहायला आलो, इथं बल्बवर कोणी नजर ठेवत नाही. पण रात्री भिंतीवर उजेड पडला की तिच्या तोंडी पहिला प्रश्न तोच येतो.

मध्ये काही वर्षं अशीही गेली की लाईट यायची आणि विहिरीला पाणी नसायचं. शिरपूर तालुक्याचा दक्षिणेकडचा, तापीकडचा भाग गाळाच्या मातीचा. वरून काळी कसदार जमीन, पण खाली पिवळ्या चिकणमातीचे जाड थर. पाऊस पडतो, पाणी वाहून जातं, खाली मुरत नाही. उपसा मात्र चालूच. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले. ज्या वर्षी आमची विहीर आटली त्या वर्षी माय रात्रभर झोपायची, आणि ती झोप घरात कोणालाच नको होती. पुढं भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर आणि अमरीशभाई पटेल यांनी 2004 पासून तालुक्यात नाले रुंद आणि खोल करायचं, चिकणमातीचा थर फोडायचं, नाल्यांवर बिनदरवाज्यांचे बंधारे बांधायचं काम हाती घेतलं. साऱ्या महाराष्ट्रानं नंतर ते काम ‘शिरपूर पॅटर्न’ या नावानं ओळखलं. आमच्या भागातल्या विहिरींना पाणी आलं. त्या पाण्याचे उपकार शब्दांत सांगता येणार नाहीत. पण पाणी आलं तशी रात्रीची पाळीही परत आली. माय पुन्हा बल्बकडे तोंड करून झोपू लागली.

तेव्हा कम्प्युटर उठतो ही माझ्यासाठी यंत्राची बारीकशी खोड नव्हती. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या वेळापत्रकानं झोप मोडली, तिची झोप म्हातारपणी माझ्या घरात, माझ्या हौसेपायी मोडत होती.

शोधायला बसलो तर आधी झोप म्हणजे काय हेच समजून घ्यावं लागलं. जुन्या कम्प्युटरला खरं बटण असायचं, दाबलं की वीज तुटायची. 1995 मध्ये एटीएक्स नावाची नवी मांडणी आली आणि बटणाचा अर्थ बदलला. तेव्हापासून समोरचं बटण वीज तोडत नाही, नुसती विनंती करतं. आतल्या पॉवर सप्लायमधून एक जांभळी तार निघते. भिंतीवरचा स्विच चालू आहे तोवर तिच्यात पाच व्होल्ट कायम असतात, कम्प्युटर बंद दिसत असला तरी. त्या तारेवर काही राखणदार जागे राहतात. 1996 च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून झोपेच्या पायऱ्यांचे नियम घालून दिले. त्यातल्या तिसऱ्या पायरीवर माझा कम्प्युटर झोपतो. प्रोसेसर थांबतो, डिस्क थांबते, पंखे थांबतात, जागी राहते ती फक्त स्मृती. ती तशी ठेवावीच लागते, कारण या स्मृतीचे कण म्हणजे विजेच्या थेंबांनी भरलेली बारीक बारीक भांडी, आणि ती सगळी गळकी. 64 मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक भांडं वाचून पुन्हा भरलं नाही तर त्यात काय होतं ते कायमचं जाऊ शकतं. झोपलेला कम्प्युटर रात्रभर, सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, स्वतःला सगळं पुन्हा सांगत असतो. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ थांबलो. मायच्या शब्दांचं तेच चाललं आहे. बोलायला माणूस आहे तोवर ‘आंडोर’ आणि ‘आंडेर’ जिवंत आहेत. नातवंडं मुलगा-मुलगीच म्हणतात.

विंडोजमध्ये एक हुकूम आहे, ‘पॉवरसीएफजी लास्टवेक’. काळ्या खिडकीत तो लिहिला की शेवटचं कोणी उठवलं ते कम्प्युटर सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो दिला. उत्तर आलं: पॉवर बटण. म्हणजे मी स्वतः. सकाळी मीच बटण दाबून त्याला उठवलं होतं आणि त्यानं शेवटची जाग तेवढी सांगितली. रात्रीची हवी असेल तर नोंदवही उघडावी लागते. विंडोज अशी वही ठेवतं, आणि तिच्यात जागेच्या प्रत्येक प्रसंगाला तीन ओळी असतात: झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ, उठवणारा. रात्री दोन वाजून सात मिनिटांच्या नोंदीखाली उठवणाऱ्याच्या जागी यूएसबीच्या एका खोबणीचं नाव होतं. त्या खोबणीत माउस होता.

माउसला रात्री कोण हलवणार? घरात मांजर नाही. मग लक्षात आलं. आमचं घर शिरपूर फाट्याकडून येणाऱ्या रस्त्यावर. केळीचे आणि कापसाचे भरलेले ट्रक रात्रीचेच जातात, कारण दिवसा ऊन आणि गर्दी. खड्ड्यात चाक आदळलं की खिडकीची काच थरथरते. टेबल भिंतीला टेकलेलं, वर गुळगुळीत सनमायका. आजच्या माउसच्या पोटात एक बारीक कॅमेरा असतो. खालच्या पृष्ठभागाची तो सेकंदाला हजारो छायाचित्रं घेऊ शकतो आणि दोन छायाचित्रांतल्या फरकावरून आपण किती सरकलो ते ठरवतो. चकचकीत सनमायकावर तो फसतो, थरथरीलाही हालचाल समजतो. खात्री करायला मी कम्प्युटर झोपवला आणि टेबलाच्या कडेवर हलकीशी मूठ मारली. स्क्रीन उजळली.

उपाय सोपा निघाला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या नावावर जाऊन पॉवर मॅनेजमेंटचं पान उघडायचं आणि ‘या उपकरणाला कम्प्युटर उठवू द्या’ या चौकोनातली बरोबरची खूण काढायची. कीबोर्डची खूण मी राहू दिली. एखादा शब्द आला तर उठवायला काहीतरी हवंच. टेबल भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं. माय पाहत होती. “उंदीर व्हता का?” तिनं विचारलं. तिच्या लेखी तेही खरंच होतं, त्या यंत्राचं नाव तिच्या नातवानं तिला तसंच सांगितलं आहे.

आठ रात्री शांत गेल्या. नवव्या रात्री तीनच्या सुमाराला पुन्हा उजेड.

या वेळी नोंदीत टायमर होता. कुठल्याशा प्रोग्रामनं पहाटेची वेळ लावून ठेवली होती, आपली आवराआवर करायला. माणूस झोपला आहे, आता याचं काम नडणार नाही, हा त्यामागचा विचार. चांगल्या मनानं केलेला. फक्त त्या खोलीत आणखी कोणी झोपतं हे त्याच्या हिशेबात नव्हतं. झोपलेल्या कम्प्युटरला वेळ कशी कळते, हा माझ्यातल्या मास्तराचा प्रश्न. आत रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, तीन व्होल्टचा, आणि क्वार्ट्झचा एक स्फटिक. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर एक सेकंद उरतो. मनगटावरच्या घड्याळातही हाच स्फटिक असतो. वीज असो नसो, तो मोजत राहतो. नेमलेली घडी आली की जांभळ्या तारेवरच्या राखणदाराला हाक जाते. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘वेक टायमर’ची परवानगी असते, ती मी काढून घेतली. ही भानगड दहा मिनिटांत मिटली.

उठवण्याचा हक्क आणखी कोणाकोणाला आहे, याचीही यादी मिळते. तीत तिसरं नाव होतं नेटवर्कच्या कार्डाचं. त्यानं कधी उठवलं नव्हतं, पण उठवू शकत होतं, आणि कसं, ते वाचून मी हरखलो. 1995 पासून एक रीत आहे. तारेवरून 102 बाइटांचा एक निरोप पाठवायचा. सुरुवातीला सहा ठरलेले बाइट, आणि मग त्या कम्प्युटरचा स्वतःचा पत्ता, एकामागून एक सोळा वेळा. झोपलेलं कार्ड एवढंच ऐकत असतं. शेकडो निरोप जातात तरी ते हलत नाही. आपलं नाव सोळा वेळा सलग ऐकू आलं की उठतं. दूरच्या माणसानं झोपलेल्याला नावानं हाक मारायची ही सोय. आमच्याकडे तशीच सोय मोटारीला आली आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचं उपकरण केलं. मोबाइलवरून फोन लावायचा, विहिरीवर लाईट आहे का ते कळतं आणि मोटार चालू-बंद करता येते. आज खान्देशात असे मोबाइल स्टार्टर बांधाबांधावर दिसतात. आबांच्या वेळी ते असते तर किती रात्री वाचल्या असत्या, याचा हिशेब मी एकदा मनात करायला घेतला आणि सोडून दिला.

नेटवर्कचीही खूण काढली. आता माझ्याशिवाय उठवणारं कोणी उरलं नाही, असं मी धरून चाललो.

डिसेंबरच्या शेवटी एका पहाटे पुन्हा पंख्याचा आवाज. माय माझ्या आधी जागी. पण या वेळी स्क्रीनवर माझी यादी नव्हती, सुरुवातीचं पान होतं. कम्प्युटर झोपेतून उठलाच नव्हता, नव्यानं चालू झाला होता. आदल्या दिवशी लिहिलेले चौदा शब्द मी जतन केले नव्हते, ते गेले. नोंदवहीत उठवणाऱ्याची ओळच नव्हती. तिच्या जागी वेगळी नोंद होती: मागच्या वेळी यंत्रणा नीट बंद झाली नव्हती. म्हणजे रात्री लाईट गेली असणार. आमचा इन्व्हर्टर पंखे आणि दिवे सांभाळतो, कम्प्युटर त्याच्यावर नाही. लाईट गेली, गळकी भांडी रिकामी झाली, झोप तुटली. इथवर समजत होतं. पण लाईट परत आल्यावर त्याला चालू कोणी केलं?

सगळ्या तपासात हीच गाठ मला सुटेना. हुकूम काहीच सांगत नव्हता, कारण हुकूम देणारं आणि घेणारं सगळं त्या वेळी बंद होतं. अखेर ज्यानं हा कम्प्युटर मला दिला त्या मामेभावाला फोन केला. तो एका जिनिंगमध्ये कामाला होता, तिथल्या वजनकाट्यावर हा कम्प्युटर सात-आठ वर्षं होता. “दादा, त्याला ऑटो टाकेल शे,” तो म्हणाला. “काट्यावर लाईट गेली-आली की रातपाळीच्या माणसानं धावत कशाला यायचं? गाड्यांची रांग लागते. म्हणून बायोसमध्येच करून ठेवलं, लाईट आली की हा आपला चालू.”

ऑटो. तो शब्द ऐकल्यावर मी फोन हातात धरून तसाच उभा राहिलो.

आमच्याही विहिरीवर एकेकाळी ऑटो होता. स्टार्टरच्या पेटीत बसवायचा एक छोटा स्विच. लाईट आली की मोटार आपोआप चालू. आबांनी तो बसवला त्या रात्री मायनं ओसरीवरचा बल्ब विझवून झोप काढली. पाणी कुठल्या वाफ्यात जातंय ते सकाळी बघायचं. काही महिने असे सुखाचे गेले. पण आमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, अठरा मोटारी होत्या आणि ऑटो बहुतेकांनी बसवले होते. मोटार चालू होते त्या क्षणाला तिच्या नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे मी पुढं वर्गात शिकवायचो. माणसं उठून जातात तेव्हा एक आधी पोचतो, एक मागून, कोणी बिडी पेटवतो, कोणाचा स्टार्टर अडतो, आणि त्या मागंपुढं होण्यात डीपी तरून जाते. ऑटोवर अठराच्या अठरा एकाच क्षणाला उठतात. आधी फ्यूज उडायचे. मग गव्हाला शेवटचं पाणी द्यायच्या दिवसांत डीपी जळाली. नवी येईपर्यंत अकरा दिवस गेले. गहू डोळ्यांदेखत वाळला.

महावितरण आजही शेतकऱ्यांना सांगतं, ऑटोस्विच काढा आणि मोटारीला कॅपॅसिटर बसवा. आबांना कोणी सांगायला यावं लागलं नाही. नवी डीपी बसली त्या संध्याकाळी त्यांनी ऑटो काढला आणि बाकीच्या सतरा जणांच्या वावरात जाऊन, हात जोडून, तुम्हीही काढा म्हणाले. काहींनी काढला. घरी येऊन मायला एवढंच सांगितलं की बल्बचं बटण चालू ठेवत जा. ती काही बोलली नाही. तिची झोप सगळ्यांच्या गव्हासाठी मोडणार होती हे तिला कळलं होतं. मला ते तेव्हा कळलं नव्हतं, मी शहाद्याला शिकायला होतो. सुटीत घरी आलो तेव्हा आबांचं कौतुक मी चार जणांकडून ऐकलं. मायचं कोणी केलं नाही, मीही नाही.

कम्प्युटर सुरू होताना डिलीटची कळ दाबत राहिलं की बायोसचं निळं पान उघडतं. त्यात लाईट जाऊन परत आली तर काय करायचं, त्याचे तीन पर्याय होते: बंद राहा, चालू हो, किंवा आधी जसा होतास तसा हो. दुसऱ्यावर खूण होती. मी पहिल्यावर आणली आणि जतन करून बाहेर पडलो. वजनकाट्यावर ती खूण बरोबरच होती. तिथं माणसाची धावपळ वाचत होती. ज्या कामासाठी ती केली ते काम मागं राहिलं आणि हुकूम यंत्राबरोबर माझ्या घरी आला. दीड महिना मी शोधत होतो तो एवढाच.

गेलेल्या चौदा शब्दांसाठी मी मायजवळ बसलो. मागच्या दिवशी काय काय काम केलं, कोणाशी बोलली, ते तिला आठवायला लावलं, आणि त्या त्या जागी शब्द परत सापडत गेले. अकरा मिळाले. तीन नाही मिळाले. ते कोणते हे आता तिलाही सांगता येत नाही. तेव्हापासून मी दर शब्दाला जतनची कळ दाबतो.

त्याच संध्याकाळी मी तिला उत्तर दिलं. म्हटलं, माय, तू विचारलं होतंस ना, ते काबरं उठतं, तर त्याला ऑटो होता. ती हसली नाही, नवलही वाटलं नाही तिला. “मंग काढा का?” तिनं विचारलं. काढला म्हटलं. “बरं कयं,” म्हणाली आणि लसूण सोलू लागली.

धाकटा भाऊ शेती करतो. राज्य सरकारनं 2024 मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आणली, तीत त्यानं दहा टक्के हिस्सा भरून पंप घेतला. ऊन आलं की मोटार चालते, सूर्य मावळला की थांबते. तिला ऑटो लागत नाही, बल्ब लागत नाही. आपल्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 मध्येच उभा राहिला. ऊन खान्देशात कधीच कमी नव्हतं. शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली. हे सगळं माझ्या आईबापांच्या रात्री संपल्यावर आलं, याचं मला दुःख आहे. आलं, याचा आनंदही तेवढाच खरा आहे. सौर पंपाची पहिली पाळी पाहायला भावानं मायला गाडीत बसवून नेलं. सकाळचे साडेनऊ. पाइपातून पाणी पडायला लागलं तशी ती पुढं झाली, ओंजळ धरली, प्यायली. मग तिनं विहिरीवरच्या खांबाकडे पाहिलं, जिथून घराची तार यायची. तार आता नाही.

कम्प्युटर जानेवारीपासून एकदाही आपणहून उठलेला नाही. नोंदवहीत उठवणाऱ्याच्या ओळीत रोज एकच नाव येतं, पॉवर बटण. माय मात्र अजून दोनच्या आसपास उठते. उजेड नसतो, आवाज नसतो. थोडा वेळ कानोसा घेते आणि पुन्हा आडवी होते. तिच्यात ती खूण कुठं आहे आणि कोणी काढायची, हे मला सापडलेलं नाही.

आमच्या बांधाला लागून जे वावर आहे त्याचा सौर पंपाचा अर्ज अजून मंजूर झालेला नाही. तिथं या आठवड्यात रात्रीची पाळी आहे.